समुद्र हप्त्यानं मिळत नाही

मराठवाड्यातल्या माणसाला समुद्र विकणं सोपं आहे, कारण त्याच्याकडे तो नाही. माझं गाव मुदखेड, जिल्हा नांदेड. इथून अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर थोड्याफार फरकानं सारखेच लांब. आमच्याकडे गोदावरी आहे, मोगऱ्याचे आणि झेंडूचे मळे आहेत, इस्लापूरजवळ सहस्रकुंडचा धबधबा आहे, जो मे महिन्यात फक्त खडक दाखवतो. गावातल्या कित्येक जाणत्या माणसांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो मुंबईला टाटा हॉस्पिटलच्या चकरा मारताना, रिपोर्ट यायला वेळ होता म्हणून कुणीतरी चौपाटीवर नेलं तेव्हा. अशा माणसापुढे गोव्याच्या किनाऱ्यावरच्या खोलीचा फोटो ठेवला की त्याच्या मनात काय हलतं, हे विकणाऱ्याला नीट ठाऊक असतं.

गेल्या काही वर्षांत आमच्या भागात पगारदारांची एक नवी पिढी तयार झाली. पोरगं पुण्यात किंवा हैदराबादेत आयटीत, बाप शिक्षक, ग्रामसेवक किंवा रेल्वेत, रिटायरमेंटला आलेला. अशा घरांना आता फोन येतात. 'सर, तुमचं फॅमिली हॉलिडेसाठी सिलेक्शन झालंय.' माझं म्हणणं सरळ आहे : उन्हाळ्याच्या सुट्टीत कुटुंबाला समुद्रावर न्यायचं असेल तर जरूर न्या, दरवर्षी न्या. पण त्यासाठी पंचवीस वर्षांचं टाइमशेअर घेऊ नका. आणि हे मी फक्त पैशांच्या हिशोबावरून म्हणत नाही, पण सुरुवात हिशोबापासूनच करू, कारण समोरचा त्याच्यापासूनच आपल्याला लांब ठेवतो.

विकतात ते काय?

टाइमशेअरची कल्पना १९६०च्या दशकात युरोपात निघाली. डोंगरातलं किंवा किनाऱ्यावरचं घर अख्खं विकत घेणं परवडत नाही, तर त्यातला वर्षाचा एक आठवडा विकत घ्या. १९७४ साली अमेरिकेत आरसीआय नावाची कंपनी निघाली आणि आठवड्यांची अदलाबदल सुरू झाली : माझा इथला आठवडा तू घे, तुझा तिकडचा मला दे. भारतात स्टर्लिंगनं १९८६ साली या धंद्यात पाय ठेवला आणि १९९६ साली महिंद्रा हॉलिडेज आली, जिचं क्लब महिंद्रा हे नाव आज घरोघरी माहीत आहे.

आपल्याकडे साधारण मिळतं ते असं : वर्षाला सात रात्री, पंचवीस वर्षं. यात खोलीची मालकी नसते, तिचा सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा तुमच्या नावानं निघत नाही. मिळतो तो वापरण्याचा हक्क, आणि तोही 'उपलब्धतेनुसार'. या एका शब्दावर सगळा डोलारा उभा आहे. सुरुवातीला काही लाख रुपये, एकरकमी किंवा हप्त्यानं. त्यानंतर दरवर्षी मेंटेनन्सची फी, तुम्ही गेलात तरी आणि नाही गेलात तरी. जेवणखाण वेगळं. रेल्वे, विमान, टॅक्सी वेगळी. दुसऱ्या साखळीतल्या रिसॉर्टशी अदलाबदल करायची तर तिची फी वेगळी.

आता कागद घ्या. मोबाइलचं कॅल्क्युलेटर पुरतं. उदाहरणासाठी आकडे मी धरतोय, तुमच्या कराराचे तुम्ही घाला. समजा सदस्यत्व चार लाखांचं आणि पहिल्या वर्षाची फी १८ हजार. हेच चार लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला २८ हजार व्याज येतं. म्हणजे पहिल्याच वर्षी तुमच्या सात रात्रींची किंमत झाली २८ अधिक १८, एकूण ४६ हजार. एका रात्रीला साडेसहा हजारांच्या वर. त्यात चहासुद्धा नाही. फी दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढली तर साधारण बारा वर्षांत दुप्पट होते आणि पंचविसाव्या वर्षी ७० हजारांच्या पुढे जाते. पंचवीस वर्षांची नुसती फी मिळून पावणेदहा लाखांच्या वर भरते. म्हणजे ज्या चार लाखांवर घरात आठ दिवस खल झाला, तो एकूण खर्चाचा लहान भाग होता. मोठ्या भागाबद्दल कुणी विचारलंच नाही, कारण तो सांगताना 'नॉमिनल' हा शब्द वापरला होता.

विकणारा म्हणेल, हॉटेलांचे दरही वाढतीलच की. वाढतील. पण हॉटेल महाग झालं तर मी होमस्टे शोधू शकतो, सातऐवजी तीन रात्री राहू शकतो. एखाद्या वर्षी सोयाबीन गेलं, नोकरी गेली, घरात आजारपण आलं, तर जाणंच रद्द करू शकतो. त्या वर्षी हॉटेल मला बिल पाठवत नाही. टाइमशेअर पाठवतं.

मे महिना एकच असतो

मी सॉफ्टवेअर लिहितो. अनेक लोकांना एकाच वेळी एकच गोष्ट हवी असली की काय होतं, हा आमचा रोजचा प्रश्न. तोच इथे लावून बघा.

एका रिसॉर्टला शंभर खोल्या आहेत. वर्षाचे आठवडे ५२. म्हणजे विकायला ५,२०० आठवडे. ते सगळे विकले तर कागदावर कुणाचीच फसवणूक नाही, प्रत्येकाला एक आठवडा आहेच. पण आपल्या शाळांची उन्हाळी सुट्टी मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे धरा सहा आठवडे. शंभर खोल्यांचे त्यात सहाशेच आठवडे बसतात. शाळेत जाणारी पोरं असलेल्या सगळ्या घरांना तेच हवेत. नऊ घरांतल्या एकाला मिळणार, तेही जेमतेम.

कंपन्यांना हे आपल्या आधी कळलेलं असतं. म्हणून तर हंगामांना रंग दिलेले असतात. आपल्याकडच्या एका मोठ्या क्लबात जांभळा, लाल, पांढरा आणि निळा असे हंगाम आहेत. जांभळा सगळ्यात महाग. तुम्ही स्वस्तातला रंग घेतलात तर तुमचा आठवडा येतो ऑगस्टच्या धुवाधार पावसात, पोरांच्या चाचणी परीक्षेच्या तोंडावर. महाग रंग घेतलात तर तुमची स्पर्धा पुण्या-मुंबईच्या, बंगळुरूच्या, दिल्लीच्या त्याच रंगाच्या लोकांशी. बुकिंग उघडल्या दिवशी जो पहिला बसतो तो जिंकतो. सहा महिने आधी सुट्टीची तारीख सांगू शकणारा माणूस कोण? मोठ्या कंपनीतला अधिकारी. शेत असलेला, म्हातारे आईवडील घरात असलेला, बदलीची नोकरी असलेला माणूस सांगू शकत नाही. पेरणी, लग्नाची तिथी आणि बदलीची ऑर्डर कुठल्याही अॅपला विचारून येत नाहीत.

शिवाय समुद्राचंही एक वेळापत्रक आहे. मे संपता संपता कोकणात बोटी आणि जलक्रीडा बंद व्हायला लागतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत महाराष्ट्रात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. म्हणजे जूनचा आठवडा हाती लागला तर खवळलेलं पाणी लांबून बघायचं आणि ताज्या माशांबद्दल वेटरला विचारायचं नाही. ही कुणाची चूक नाही, निसर्ग आहे. पण माहितीपत्रकातलं पाणी बाराही महिने निळंच असतं.

नवरा-बायको दोघंही पाहिजेत

नांदेडच्या एका हॉटेलात असं प्रेझेंटेशन मी ऐकलंय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण ही पद्धत एकट्या तिची नाही. आमंत्रण माझ्या पप्पांना आलं होतं. अट एकच : मिसेसना घेऊन यायचं. मी सोबत गेलो ते त्या मुलाला आवडलं नाही, पण त्यानं हसून कोल्ड्रिंक दिलं.

दोघांना का बोलावतात? 'घरी विचारून सांगतो' हे आपल्याकडचं नाही म्हणण्याचं सगळ्यात सभ्य वाक्य आहे. बायको शेजारीच बसली असली की ते वाक्य हातातून जातं. मग तो मुलगा पप्पांना सोडून आईकडे वळला. 'मॅडम, लग्नाला किती वर्षं झाली? सर तुम्हाला कुठं कुठं घेऊन गेले?' आई म्हणाली, माहूर. मग थोड्या वेळानं, तिरुपती. तो काही बोलला नाही, नुसता पप्पांकडे बघत राहिला. पप्पांनी मान खाली घातली.

मला राग आला तो इथे. चाळीस वर्षं नोकरी करून, तिघांची शिक्षणं करून, दोन बहिणींची लग्नं लावून दिलेल्या माणसाला एका एसी हॉलमध्ये तेविशीच्या पोरानं आरोपी करून टाकलं. आणि लगेच जामिनाची रक्कमही सांगितली. ऑफर फक्त आजच्या दिवसापुरती होती. पप्पा मला हळूच म्हणाले, "भरून टाकावं म्हणूलालो मी." आईनं विचारलं, "तिथं सयपाक कोण करणार?" त्या मुलानं फार उत्साहानं सांगितलं, "मॅडम, खोलीत किचन आहे ना! तुम्ही घरच्यासारखं सगळं बनवू शकता!"

आई उठली. पैसे भरायचे राहिले.

त्या मुलावर माझा राग नाही. तोही परभणी-हिंगोलीकडचाच असावा, टार्गेटवर जगणारा. माझा राग या बांधणीवर आहे : आधी माणसाला त्याच्या आयुष्याची लाज वाटायला लावायची, मग ती लाज हप्त्यानं फेडून घ्यायची. युरोपीय संघानं ही बांधणी ओळखली आहे. त्यांच्या २००८च्या टाइमशेअर निर्देशानुसार सही केल्यावर चौदा दिवसांत कारण न देता करार मोडता येतो आणि त्या मुदतीत विक्रेत्याला आगाऊ एक पैसाही घेता येत नाही. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही. काही कंपन्या स्वतःच्या करारात थोड्या दिवसांची सवलत ठेवतात, पण ती कुठल्या पानावर आहे हे सहीच्या वेळी कुणी दाखवत नाही.

पॅनकार्ड क्लब विसरू नका

महाराष्ट्रानं या गोष्टीची फार मोठी किंमत मोजली आहे. पॅनकार्ड क्लब्ज लिमिटेड ही मुंबईची कंपनी. ती 'रूम नाइट्स' विकायची. पैसे भरा, ठरावीक वर्षांत हॉटेलात राहा. नाही राहिलात तर मुदत संपल्यावर वाढीव रक्कम परत घ्या. गावोगावी एजंट होते. हे एजंट कोण? शेजारी, साडू, पतसंस्थेतला ओळखीचा. लोकांनी हॉटेल बघितलंसुद्धा नाही, मुदत ठेव समजून पैसे भरले.

२९ फेब्रुवारी २०१६ रोजी सेबीनं आदेश काढला : हा सुट्टीचा व्यवहार नाही, विनापरवाना चालवलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे, ती बंद करा आणि पैसे परत द्या. त्या आदेशातले आकडे : ५१ लाख ५५ हजारांहून जास्त गुंतवणूकदार, ७,०३५ कोटी रुपये. अपील २०१७ साली फेटाळलं गेलं. त्यानंतर लिलाव, दिवाळखोरीची प्रक्रिया, कोर्टाच्या तारखा. त्याच सुमारास, २०१५ साली, रॉयल ट्विंकल स्टार क्लबच्या सुट्टी-योजनेवरही सेबीनं असाच बडगा उचलला होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. परवानगीनं, रीतसर चालणाऱ्या टाइमशेअर कंपन्या आणि पॅनकार्ड क्लब एकाच माळेचे मणी नाहीत. रीतसर कंपनीत तुम्हाला खोली मिळते, रिसॉर्ट खरं असतं, पोरं पोहतात, फोटो येतात. माझा मुद्दा एवढाच की दोन्हीकडे माणूस एकाच जागी अडकतो. वीस-पंचवीस वर्षांनंतरच्या वचनासाठी तो आज पैसे देतो, आणि मधल्या काळात त्याच्या हातात काही नसतं. शेत विकता येतं, प्लॉट विकता येतो, अडीनडीला सोनं गहाण पडतं. तुमचा जांभळा आठवडा घेऊन सराफाकडे जाऊन दाखवा.

पण मग आपण जाऊच शकणार नाही

टाइमशेअरच्या बाजूनं केलेला सगळ्यात दमदार युक्तिवाद मी माझ्याच वयाच्या मित्रांकडून ऐकलाय. 'पैसे भरलेले असले की जावंच लागतं. नाहीतर आपली माणसं कधीच बाहेर पडत नाहीत. यंदा मोटर जळाली, पुढच्या वर्षी बहिणीचं बाळंतपण, असं करत आयुष्य जातं.'

हे खरं आहे, आणि हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आपल्या घरांत मौज ही यादीतली शेवटची ओळ असते आणि पान आधीच संपतं. पण या दुखण्यावर पंचवीस वर्षांचा करार कशाला? पोस्टात किंवा बँकेत महिन्याला तीन हजारांचं आवर्ती खातं उघडा, त्याला 'समुद्र' नाव द्या. एप्रिलपर्यंत ३६ हजार जमतात. शिस्तच हवी असेल तर ती याहून स्वस्त मिळत नाही, आणि मोटर जळालीच तर पैसे मोडताही येतात.

दुसरी बाजू जुन्या लोकांची. 'समुद्रबिमुद्र काही नको, आमच्या वेळी उन्हाळ्यात मामाच्या गावाला जायचो, तीच खरी सुट्टी.' माझ्या पिढीतही हे गोड मानून लिहिणारे खूप आहेत. मला ते पटत नाही. मामाच्या गावची सुट्टी पोरांची होती, मामीची नव्हती. ४३ अंशांच्या उन्हात पंधरा माणसांच्या भाकरी, वाळवणं, कुरडया आणि वर पाहुण्यांचा आंबरस. माझ्या आईनं माहेरी जाऊनही सयपाकच केला, फक्त चूल बदलली. म्हणून तिनं हॉटेलात विचारलेला प्रश्न मला सगळ्या हिशोबाहून नेमका वाटतो. बाईला समुद्र दाखवायचा आणि खोलीत शेगडी द्यायची, याला सुट्टी म्हणत नाहीत.

तेव्हा माझी कसोटी सोपी आहे : त्या चार दिवसांत घरातल्या बाईला कणीक मळावी लागली का? लागली असेल तर रिसॉर्ट कितीही तारांकित असो, सुट्टी झाली ती बाकीच्यांची.

मग जायचं कसं?

मुदखेडला नंदीग्राम थांबते, देवगिरी थांबते. रात्रभरात मुंबई. तिथून कोकण रेल्वे किंवा एसटी. गणपतीपुळे, वेळणेश्वर, हरिहरेश्वर, तारकर्ली इथे एमटीडीसीची निवासस्थानं आहेत. याशिवाय न्याहरी-निवास योजना आहे, तिच्यात किनाऱ्यावरची माणसं आपल्या घरातल्या खोल्या नोंदवून पाहुण्यांना देतात. गुहागरला, मालवणला, दिवेआगरला अशी घरं मिळतात. जेवण तिथलंच. तिथेही रांधणारी बाईच असते, पण तिला तिच्या कामाचे पैसे मिळतात, आणि ते याच वर्षी मिळतात. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास घेतला तर किनारा गाव-गाव करत बघता येतो. मेऐवजी दिवाळीनंतरची सुट्टी निवडलीत तर हवा बरी, गर्दी कमी आणि मासेही असतात.

यात तोटा आहे. खोली एकसारखी मिळणार नाही, एखाद्या ठिकाणी गीझर चालणार नाही, गादी कडक निघेल. पण पुढच्या वर्षी तुम्ही दुसरीकडे जाल. पंचवीस वर्षांत तुमच्या पोरांची लग्नं होतील, तुमचे गुडघे जातील, कदाचित डोंगर बघावासा वाटेल, कदाचित कुठंच जावंसं वाटणार नाही. पन्नाशीतल्या माणसानं पंचाहत्तरीतल्या स्वतःच्या वतीनं सही करू नये.

आणि ज्यांनी आधीच सही केली आहे, त्यांच्यासाठी. करारात भले मुंबई किंवा चेन्नईचं न्यायक्षेत्र लिहिलेलं असो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे मुदखेडच्या माणसाला नांदेड पुरतं. पाच लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर तक्रारीला फी नाही. वकील लावायचं बंधन नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तोंडी जे कबूल केलं होतं त्याचे मेसेज, रेकॉर्डिंग, माहितीपत्रकं जपून ठेवा. 'दरवर्षी मेमध्ये नक्की मिळेल' असं कुणी व्हॉट्सअॅपवर लिहिलं असेल तर तो स्क्रीनशॉट करारातल्या बारीक अक्षरांपुढे ठेवायला उपयोगी पडतो.

आमच्या भागातल्या पोरांना मला शेवटी हे सांगायचंय. आपल्या पहिल्या पगाराच्या आणि आईबापाच्या शेवटच्या पगाराच्या आसपास बरेच लोक टपून असतात. ते आपल्याला सांगतात की तुम्ही मागे राहिलात, तुमच्या आईबापानं काही पाहिलं नाही. आईबापानं समुद्र पाहिला नाही हे खरं असेल. पण तो दाखवायला दोन तिकिटं लागतात आणि चार दिवसांची रजा. ती रजा टाका. बाकी कुठल्याही कागदावर, त्या दिवशी, त्या हॉलमध्ये, सही करू नका.